लाइन क्लियर

ललवाणींच्या भंगारकाट्यावर त्या दिवशी
अंतराळयानाचं वजन झालं :
सहाशे चाळीस किलो, मातीसकट.

तेव्हा ते यान नव्हतं अजून.
ताप्ती लाइन दुहेरी झाली
आणि एकेरी लाइनीची यंत्रं रेल्वेनं लिलावात काढली.
लाल रंगाच्या जड पेट्या, पितळी घंटा,
तीनच गोष्टी सांगणारा काटा :
लाइन बंद. गाडी येत आहे. गाडी जात आहे.
भटू म्हणाला, मंगळावर जायाला
याच्याहून जास्त काय लागतं?

अमळनेरच्या बंद जिनिंगमध्ये
मी पंधरा रात्री वेल्डिंग केलं.
ठिबकच्या वाळू-फिल्टरच्या टाक्या, चंदेरी मारलेल्या,
अंतराळवीरांच्या पाठीवर.
केळीच्या शीतगृहाचं दार, अजून गार वाटणारं,
त्याच्यामागं अंतराळ.
तेलघाणीची प्रेशरघड्याळं कशालाच जोडलेली नव्हती,
तरी हिरो दर शॉटला त्यांच्याकडं बघून घाबरायचा.
चांगला नट होता. दिवसा मोबाइलचं रिचार्ज मारायचा.

चौथ्या दिवशी गुलशेर तडवी आले.
नातवाला डबा द्यायला आले होते खरं तर,
नातू आमचा परग्रहवासी, हिरव्या रंगात
कानापर्यंत बुडालेला.
डबा हातातच राहिला.
"हाई यंत्र कोठलं शे?"
मी म्हटलं, लिलावातलं.
ते म्हणाले, "बेटावदचं शे."
पेटीच्या खालच्या कोपऱ्यातला पोचा दाखवला,
कुठल्या साली, कुणाच्या सायकलनं, तेही सांगितलं.

एकतीस वर्षं त्या पेटीसमोर बसलेला माणूस
हिरोचा हात धरून म्हणाला,
असं नाही दाबायचं भाऊ.
आधी विचारायचं.
दोन ठोके. मग थांबायचं.
पलीकडचा माणूस चहा पीत असेल, लघवीला गेला असेल,
थांबायचं.
तो हो म्हणाला तर पोटातून गोळा पडतो,
लोखंडी, दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेला.
तो ड्रायव्हरच्या हाती द्यायचा.
"गोळा नही तर गाडी नही."

भटूनं त्या रात्री पटकथा फाडली.
लेझर गेले, राणी गेली, शेवटची मारामारीसुद्धा.
आता यान जमिनीवर उभं असतं
आणि कॅप्टन दोन ठोके देऊन
मंगळाच्या होकाराची वाट बघतो.
साडेचार मिनिटं. एकच शॉट.
निर्माता, म्हणजे भटूचा मेहुणा, म्हणाला,
लोक उठून जातील.
काही गेले.

मंगळाचा आवाज गुलशेरचाच.
जिनिंगच्या मागं, लिंबाखाली रेकॉर्ड केला,
मध्ये एक कुत्रं भुंकलेलं आहे, ते तसंच ठेवलं.
"लाइन क्लियर दिली. प्रायव्हेट नंबर एकसष्ट."
मग गोळा पडतो.
तो आवाज खरा आहे. सगळ्या सिनेमात
तेवढाच.

नंतर यान परत काट्यावर गेलं.
गॅसकटरही माझाच होता,
कुणी दुसऱ्यानं कापलेलं मला चाललं नसतं.
रंगामुळं किलोमागं दोन रुपये कमी धरले.
फिल्टर शेतात गेले, दार शीतगृहात,
पेटीचं पितळ वेगळं, लोखंड वेगळं.

गोळा राहिला.
गुलशेरना द्यायला गेले तर हात मागं घेतला त्यांनी.
म्हणाले, जवळ ठेवायचा नसतो तो.
पुढच्या स्टेशनाच्या यंत्रात टाकायचा असतो,
त्याशिवाय पलीकडून कुणाला निघता येत नाही.

पण नरडाण्याचं यंत्र तर
आधीच्याच लिलावात वितळलेलं.

दुकानात बिलांवर ठेवलाय मी तो.
रात्री सुरतकडची गाडी कुणाला न विचारता धडधडत जाते,
बिलं हलतात थोडी,
आणि मला उगीच वाटतं,
कुणीतरी पलीकडं अजून उभंय,
सिग्नल लाल,
माझ्यामुळं.